माशी वाकडी असेल तर पोराला दोष देऊ नका : नवा माल विकण्याआधी दुकानदाराने काय तपासावं



या वेळच्या व्हिडिओत एअर रायफलची साइट कशी तपासायची ते दाखवलं. व्हिडिओत सगळं सांगता येत नाही, म्हणून आकडे आणि पायऱ्या इथे लिहून देतो. सोबत माझं मतही मांडतो. ते काहींना पटणार नाही, पण स्पष्टच बोलतो.

माझं मत असं : कंपनीचा माल आला, खोका तसाच गिऱ्हाइकाला दिला, पैसे गल्ल्यात टाकले, तर तो कुरिअरचा धंदा झाला. दुकानदारी त्यापुढे सुरू होते. आज ऑनलाइनवर तोच खोका तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतो. यवतमाळ, पुसद, वणी किंवा दारव्ह्याच्या दुकानात येऊन माणसाने दोन पैसे जास्त का द्यावे? "हा नग मी स्वतः उघडून तपासला आहे" एवढं एकच कारण तुमच्याकडे उरतं.

हे समजवायला रायफलच्या साइटइतकं चांगलं उदाहरण नाही. कारण तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक लपत नाही, थेट कागदावर भोक पाडून दाखवते.

आधी कायदा, मग धंदा

20 ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या आणि 4.5 मिमी म्हणजे .177 नळीच्या एअर रायफलला 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. त्यापुढे गेलात की परवाना आला. खऱ्या काडतुसाच्या रायफलीला किंवा तिच्या भागांना विनापरवाना हात लावायचा नाही, दुरुस्तीसाठीसुद्धा नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात बनवणं, विकणं, दुरुस्त करणं सगळंच येतं. एअर रायफल विकायची असेल तरी आधी पोलीस स्टेशनात जाऊन सध्याचे नियम आणि ठेवायच्या नोंदी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट. "भाऊ, शेतात माकडं लई त्रास देतात, एखादी एअरगन द्या" असं म्हणत येणारे आपल्या जिल्ह्यात भरपूर. त्रास खरा आहे, नाकारत नाही. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो माणूसही अडकू शकतो आणि आपलं नावही खराब होईल. मी नाही म्हणतो. तुम्हीही म्हणा. हा माल नेमबाजी शिकणाऱ्यांसाठी आहे.

साइट म्हणजे नेमकं काय

ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली त्यांना फोरसाइट आणि बॅकसाइट माहीत आहे. नळीच्या टोकाला उभी पट्टी किंवा टोक असतं, जुने लोक त्याला माशी म्हणायचे. डोळ्याकडच्या बाजूला खाच किंवा बारीक भोक असतं. खाचेच्या बरोबर मध्ये माशी, माशीच्या टोकावर निशाण. दुर्बीण नाही, काच नाही, बॅटरी नाही. दोन लोखंडाचे तुकडे आणि तुमचा डोळा.

साधी वस्तू म्हणून कमी लेखू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी ब्राँझ जिंकला. त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही. बारीक भोकाची साइटच वापरतात. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, तीही अशाच साइटवर. त्यांच्या रायफली महागड्या असतात हे खरं, पण तत्त्व तेच.

अर्धा मिलिमीटर किती महाग पडतो

आता गणित बघा. शाळेतल्या समरूप त्रिकोणांचंच आहे.

समजा पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर 40 सेंमी आहे आणि निशाण 10 मीटरवर. म्हणजे निशाण त्या अंतराच्या 25 पट लांब. माशी 0.4 मिमी बाजूला बसली असेल तर छर्रा 0.4 गुणिले 25, म्हणजे 10 मिमी बाजूला लागणार.

10 मिमीने काय होतं? 10 मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. दहा मिलिमीटर सरकलं की दहाच्या जागी सहा-सात. पोराचा श्वास बरोबर, ट्रिगर बरोबर, डोळा बरोबर, तरी सहा-सात.

आणि मग काय होतं? बाप म्हणतो, "याच्यात दम नाही." सर म्हणतात, "लक्ष नाही याचं." पोरगं तीन महिन्यांत सोडून देतं. कंपनीत कोणीतरी घाईत बसवलेल्या एका तुकड्याची किंमत त्या पोराने भरली. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. खराब मिक्सर असेल तर चटणी जाडी राहते, लोक मिक्सरला शिव्या देतात. खराब साइट असेल तर शिकणारा स्वतःलाच शिव्या देतो.

कारखान्यातून कोणते दोष येतात

1. माशी तिरकी. नळीच्या डोक्यावर ती सरळ उभी हवी, पण बसवताना नळी फिरली किंवा पिनचं भोक तिरकं पडलं तर ती एका बाजूला झुकते. एके पद्धतीच्या रायफलींमध्ये माशीचा ठोकळा नळीवर दाबून बसवतात आणि आडव्या पिना ठोकतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या स्वस्त रोमानियन रायफलींबद्दल हीच तक्रार इतकी झाली की तिथले गिऱ्हाईक दुकानात उभं राहून आधी माशी बघायचे. आपलं गणित लावा : नळीच्या मध्यापासून माशीचं टोक 20 मिमी वर असेल आणि ती 3 अंश झुकली, तर टोक साधारण 1 मिमी सरकतं. 10 मीटरवर ते 25 मिमीच्या पुढे जातं.

2. बॅकसाइटची खाच वाकडी, किंवा कापल्यानंतर कडेला धातूची कच राहिलेली. वर्कशॉपवाले तिला बर म्हणतात. खाचेच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसत नाही, त्यामुळे माशी मध्ये आहे की नाही हे डोळ्याला ठरवता येत नाही.

3. स्क्रूचे आटे ढिले. चार क्लिक उजवीकडे फिरवले, चार क्लिक परत आणले, तर साइट मूळ जागी येत नाही.

4. साइट तिच्या खाचेत सैल. बोटाने हलवली की हलते.

5. प्लास्टिकची साइट किंवा हिरवी-लाल चमकणारी काडी. थंड खोलीत ठीक, पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 44-45 वर जातो. बंद गाडीत ठेवलेला माल काढून बघा, काडी सरकलेली सापडते.

6. साइट ठीक, पण नळीच ठीक बसत नाही. मोडून भरायच्या एअर रायफलीत नळीचा सांधा ढिला असला की प्रत्येक वेळी नळी वेगळ्या जागी बसते. माणूस साइट फिरवत बसतो आणि रोग दुसरीकडेच असतो.

तपासणी : पंधरा-वीस मिनिटं, चार साधनं

लागतं काय? ओळंबा, छोटी स्पिरिट लेव्हल, व्हर्नियर आणि कागदी टार्गेट. ओळंबा कोणत्याही गवंड्याकडे मिळेल.

पहिली पायरी, हाताने. रायफल रिकामी आहे याची खात्री. मग बट आणि नळीचे सगळे स्क्रू. नव्या स्प्रिंगवाल्या रायफलीत स्क्रू ढिले असणं फार कॉमन आहे, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. नंतर साइट बोटाने हलवून बघा. नळीचा सांधा हलवून बघा.

दुसरी पायरी, डोळ्याने. रायफल मऊ कापड लावून शिकंज्यात धरा. बॅकसाइटच्या वरच्या कडेवर लेव्हल ठेवून ती आडवी सरळ करा. समोर भिंतीपाशी ओळंबा लटकवा. आता खाचेतून माशी बघा. माशीची कड आणि ओळंब्याची दोरी समांतर दिसली तर ठीक. तिरकी दिसली तर वहीत लिहा.

तिसरी पायरी, मोजून. बॅकसाइट डावी-उजवी पूर्ण फिरवून एकूण क्लिक मोजा आणि मध्यावर आणा. हा मध्य पुढे कामाला येतो.

चौथी पायरी, छर्रे मारून. हे दुकानात करायचं नाही. बंदिस्त जागा, मागे छर्रा अडवणारी पेटी, डोळ्यांना चष्मा, पुढे कोणी नाही. शक्य असेल तर जवळच्या शूटिंग क्लबच्या प्रशिक्षकासमोर. सुरुवातीचे छर्रे हिशोबात धरू नका, नव्या रायफलीत तेल असतं, वेग कमी-जास्त होतो. रायफल कडक टेबलावर टेकवू नका, स्प्रिंगवाली रायफल उसळते आणि छर्रा भलतीकडे जातो. मऊ उशीवर, हलक्या हाताने. 10 मीटरवरून एकाच कंपनीचे पाच-पाच छर्रे, तीन कागदांवर. जमल्यास दोन वेगळ्या माणसांनी.

आता कागद वाचा. सगळी कला इथे आहे :

• भोकं एकत्र आहेत, पण मध्यापासून सरकलेली. हा साइटचा प्रश्न, बहुतेक वेळा फिरवून सुटतो.
• भोकं सगळीकडे विखुरलेली. साइटला हात लावू नका. आधी स्क्रू, नळीचा सांधा, छर्रे, आणि मग मारणारा.
• दोन माणसांचे झुबके वेगवेगळ्या जागी, पण दोघांचेही घट्ट. रायफल ठीक आहे, दोघांची पकड वेगळी.
• चार क्लिक फिरवून परत आणल्यावर झुबका जुन्या जागी येत नाही. स्क्रूचे आटे खराब.

धंद्यातसुद्धा हेच असतं बघा. विक्री सतत एकाच बाजूला कमी पडत असेल तर एक स्क्रू फिरवून काम होतं. एक दिवस दहा हजार, एक दिवस शून्य असं विखुरलेलं असेल तर जाहिरात वाढवून काही होणार नाही. आधी कुठला सांधा ढिला आहे ते शोधावं लागतं.

दुरुस्ती : कुठे थांबायचं

लक्षात ठेवायचा नियम सोपा आहे. छर्रा ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला बॅकसाइट सरकवा. माशी सरकवणार असाल तर उलट बाजूला.

तपासलेल्या मालाचे मी तीन ढीग करायला सांगतो.

पहिला ढीग : विकायला तयार. बॅकसाइट मध्याच्या जवळ असतानाच झुबका मध्यावर येतो.

दुसरा ढीग : कंपनीने दिलेल्या स्क्रूनेच सुधारतो. माशी किंचित झुकलेली आहे, पण बॅकसाइट थोडी सरकवली की जमतं आणि अजून बरेच क्लिक शिल्लक राहतात. हा नग विकता येतो, पण गिऱ्हाइकाला सांगून.

तिसरा ढीग : परत. बॅकसाइट टोकाला गेली तरी झुबका मध्यावर येत नाही. किंवा माशी इतकी तिरकी की डोळ्याला खटकते. असा नग "कसाबसा जमवून" देऊ नका. कारण शिकणारा माणूस नकळत माशी सरळ दिसावी म्हणून रायफलच तिरकी धरतो. रायफल तिरकी झाली की छर्रा खाली पडण्याचा हिशोब बाजूला जातो, आणि जितकं लांब निशाण तितकी चूक वाढते. त्याला चुकीची सवय लागते आणि ती पुढे चांगल्या रायफलीवरही जात नाही.

आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक आहे. कानस घ्यायची, माशी घासायची, झालं काम. इथे माझं ठाम मत आहे : विकायच्या नव्या मालावर कानस चालवायची नाही. एक तर घासलेलं लोखंड परत येत नाही. दुसरं, कंपनी वॉरंटी नाकारते. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं कलम 86 वाचा. मालात दुकानदाराने बदल केला आणि त्या बदलामुळे इजा झाली, तर जबाबदारी दुकानदारावरही येते. माल जोडताना किंवा तपासताना योग्य काळजी घेतली नाही, कंपनीच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवल्या नाहीत, तरीही येते. म्हणजे कायदासुद्धा सांगतो की खोका आंधळेपणाने पुढे ढकलू नका, आणि आतला माल स्वतःच्या मनाने बदलूही नका. तपासा, नोंदवा, परत पाठवा.

परत पाठवताना "माल खराब आहे" एवढंच लिहू नका. नगाचा सिरियल नंबर, ओळंब्यासमोरचा फोटो, क्लिकचा आकडा, तीन कागदांचे फोटो. असा पुरावा असला की कंपनीचा माणूस फोनवर वाद घालत नाही. आणि चार महिने अशी नोंद ठेवली की कोणत्या कंपनीचा माल घ्यायचा हे वही सांगते, सेल्समन नाही.

तुम्ही स्वतः बनवणारे असाल तर

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत किंवा घरच्या शेडमध्ये काहीतरी बनवायचं स्वप्न बघणारे बरेच जण हे वाचतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

एक, दोष शेवटी शोधण्यापेक्षा तो होऊच नये अशी सोय करा. माशी तिरकी का बसते? कारण बसवणारा नजरेने बसवतो. नळीला एक खाच आणि माशीला एक दात दिला की ती तिरकी बसूच शकत नाही. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यांत काम केलेले शिगेओ शिंगो याला पोका-योके म्हणायचे, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना. मसाल्याच्या पाकिटाला ठरावीक मापाचा चमचा ठेवणं हेही तेच. भोकासाठी जिग वापरा, सकाळचा पहिला नग मोजल्याशिवाय दुसरा बनवू नका, आणि गो-नो गो गेज ठेवा. व्हर्नियर वाचता न येणारा कामगारसुद्धा त्याने बरोबर तपासतो.

दोन, माल जिथे वापरला जाणार तिथल्या परिस्थितीत तपासा. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलचं डिझाइन पुण्याच्या एआरडीईमध्ये झालं. खाचेऐवजी भोकाची बॅकसाइट, 200 आणि 400 मीटरसाठी. पण 1999 मध्ये कारगिलच्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. इतकी मोठी यंत्रणा असूनही दोष दिसला तो वापराच्या जागी. मग आपण छोटे लोक. तुमचं लोणचं मे महिन्यात यवतमाळच्या बसस्टँडवरच्या टपरीत ठेवून बघितलं का? तुमच्या पिशवीचा बंद पाच किलो भरून ओढून बघितला का?

"पण सर, एवढा वेळ कुठे आहे?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. हिशोब करू. समजा महिन्याला दहा नग विकता. प्रत्येकी वीस मिनिटं धरली तर तीन तास वीस मिनिटं. महिन्यातले साडेतीन तासही नाहीत. आता एक नग परत आला तर? गिऱ्हाइकाशी वाद, पार्सल, कंपनीला पाच फोन, आणि त्याने गावात दहा जणांना सांगितलं ते वेगळंच. तपासणी स्वस्त पडते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : "एवढं करून गिऱ्हाईक जास्त पैसे देईल का?" सगळे देणार नाहीत. काही जण तुमच्याकडे बघून जातील आणि ऑनलाइन मागवतील. जाऊ द्या. पण तपासलेल्या नगासोबत त्याचं टार्गेट कागद द्या, त्यावर तारीख, छर्र्यांचं नाव आणि तुमची सही. जे शिकणारे आहेत, ज्यांचे प्रशिक्षक आहेत, ते त्या कागदासाठी परत येतात. फ्री गिफ्टपेक्षा तो कागद भारी पडतो.

आणि प्रत्येक धंद्याला त्याची माशी असते. आपल्या जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे कारणं अनेक होती. पण तेव्हापासून मला वाटतं, फवारणी पंप विकणाऱ्या प्रत्येकाने पंपात साधं पाणी भरून, दाब देऊन, गळती बघून मगच तो हातात द्यावा. दहा मिनिटांचं काम आहे. गॅसची शेगडी, मुलांची सायकल, शिलाई मशीन, वजनकाटा, कुठेही हेच. चुकला तर गिऱ्हाइकाचं नुकसान होईल असा एक भाग प्रत्येक वस्तूत असतो. तो कोणता हे दुकानदाराला तोंडपाठ पाहिजे.

या आठवड्याचं काम

तुमच्या दुकानातली सगळ्यात जास्त विकली जाणारी वस्तू घ्या. तिचा असा एक भाग शोधा, जो किंचित बिघडला तर गिऱ्हाईक स्वतःलाच दोष देईल किंवा त्याला इजा होईल. तो तपासायच्या तीन पायऱ्या कागदावर लिहा. पाच नग उघडा, तपासा, तीन ढीग करा. किती नग कोणत्या ढिगात गेले ते खाली कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.

रील नंतर बनवा. आधी खोका उघडा.